चिनी नसलेला पंखा

बाई,

तुमच्या तेरवीचा मांडव सुटला. मी नागपूरला पोहोचून पाय धुते न धुते, तोच मोरेश्वरभाऊंचा फोन आला. तुमचाच पुतण्या, म्हणून मला वाटलं, नीट पोहोचले का ते विचारत असतील. ते म्हणाले, "पंखा तुमच्यापाशीच हाय ना जी?"

विचारण्याची तऱ्हाच अशी होती की 'हो' म्हटलं तरी मी चोर आणि 'नाही' म्हटलं तरी चोर. मी म्हटलं, "माझ्याकडे कशाला असेल? ट्रंकेत असेल."  पलीकडे वहिनी भांडी आवरत होत्या, त्यांचा आवाज येत होता. मग भाऊ म्हणाले, "ट्रंक पाह्यली. बरं, काही नाही. सहज इचारलं."

सहज कोणी असं विचारत नाही, बाई. तुम्ही गेल्यापासून मला नीट रडू आलं नव्हतं. फोन ठेवल्यावर आलं, तेही निम्मं रागाचं. आणि रडता रडता माझ्याही मनात आलं की पंखा यांनीच कुठे तरी विकला असेल आणि आता माझ्या नावावर टाकत असतील. तेरवीच्या दिवशी ओसरीवर नवा कोरा कूलर पाहिला होता, तेव्हा त्याचं मला काही वाटलं नव्हतं. आता तो माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

तुमच्याबद्दल लिहायला बसले आहे आणि सुरुवात अशी होते आहे. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, "आधी कागदावर माणूस कुठं बसवायचा ते ठरव, मंग त्याच्या हातातल्या वस्तू काढ." पण मला तुम्ही आठवता त्याच पंख्यासकट. काय करू?

अड्याळच्या शाळेत तुम्ही आमच्या चित्रकलेच्या बाई. मी आसगावहून एसटीने यायची. आम्ही ढिवर, बाबा तलावात आणि वैनगंगेत मासे धरायचे, आणि घरात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी फार चढलेलं नव्हतं. तुम्ही वर्गात पहिल्यांदा तो पंखा आणला तेव्हा मुलं पुढे धावली आणि तुम्ही छडी आडवी धरलीत. "डोळ्यानं पाहा. बोटानं नाही." मग खिडकीच्या उजेडात तुम्ही तो एकेक काडी करत उघडलात. काड्या हस्तिदंताच्या, जाळीसारख्या कोरलेल्या. वरच्या घडीच्या कागदावर एकावर एक छपरं असलेलं घर, छत्री धरलेला मिशीवाला, कमानीचा पूल, द्राक्षासारखी पानं असलेलं कुठलंसं झाड, आणि घराशेजारी एक पक्षी. पक्षी घरापेक्षा मोठा होता.

"हे चीन," तुम्ही म्हणालात.

मागच्या बाकावरून कोणी तरी विचारलं, "बाई, चीनमधी पाखरू घराहून मोठं रायते काय?"

"रायते. तिकडं धान लई पिकते. खाऊन खाऊन मोठं होते."

वर्ग हसला. मी हसले नाही, मला ते पटलं होतं. कितीतरी वर्षं माझ्या मनातला चीन तेवढाच होता, तुमच्या दोन हातांत मावणारा.

माझं शिक्षण दहावीनंतर थांबणार होतं. तुम्ही आसगावला आमच्या घरी आलात, खाटेवर बसलात, आणि बाबांना म्हणालात, "ही पोरगी रेघ काढते तं हात हालत नाही हिचा. हिले शिकू द्या." बाबा म्हणाले, "शिकून काय करन जी?" तुम्ही म्हणालात, "ते मले माहीत नाही. तुमाले तरी माहीत आहे काय?" बाबांना उत्तर सुचलं नाही, म्हणून मी पदवीधर झाले. नागपूरला प्रवेशाच्या रांगेत तुम्ही माझ्यासोबत उभ्या होत्या. पुढे मी इतिहासात एम. ए. केलं, संग्रहालयाचं शिक्षण घेतलं, एका वस्तुसंग्रहालयात लागले. हे सगळं तुमचं देणं आहे. ते कसं फेडायचं हे कोणत्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

पण त्याच शिक्षणानं मला एक खोड लावली. आमच्या कामात वस्तू हातात आली की पहिला प्रश्न असतो, ही कुठून आली, कोणाकोणाच्या हातून आली. आणि हा प्रश्न, बाई, मी एकदा तुमच्या पंख्याला विचारला तो कायमचा बिघाड करून गेला.

कारण माझ्या ध्यानात आलं की तुमच्या गोष्टी जुळत नव्हत्या. वर्गात तुम्ही सांगितलं होतं की तुमचे वडील कोशाचं रेशमी कापड विणायचे, ते मॅंगनीजच्या खाणीवरच्या साहेबाच्या बंगल्यातल्या मडमेला फार आवडलं आणि तिनं खूश होऊन पंखा दिला. माझ्या आईला तुम्ही सांगितलंत की तुमच्या आईनं त्या बंगल्यातलं तान्हं पोर आजारपणात सांभाळलं, आणि मडम देश सोडून जाताना तिच्या ओंजळीत पंखा ठेवून गेली. आई ही गोष्ट सांगताना अजूनही डोळे पुसते. आणि मी नोकरीला लागल्यावर तुम्ही मलाच म्हणालात, "अगं, भंडाऱ्याच्या भंगारवाल्याकडे पडला होता. मीच घेतला."

तीन गोष्टी, पंखा एक. गावात आणखी एक होती, ती तुमच्यासमोर कोणी बोलत नसे. बंगला रिकामा होताना कोणाच्या लुगड्यात काय गेलं कोणाला ठाऊक, अशी. मी ती कधी उच्चारली नाही. पण ऐकून विसरलेही नाही.

मग मी पंख्याचे फोटो काढले. आठवतं ना, तुम्ही कुरकुर केली होतीत, "त्याचा काय आधार कार्ड काढून राहिली?" घराच्या कमानीवर काळ्या रंगात अक्षरं होती. तुम्ही आम्हाला सांगायच्या, त्याचा अर्थ 'दीर्घायुष्य'. नागपूरला एक मुलगा चिनी शिकत होता, त्याला फोटो दाखवले. त्याने मोबाइल आडवा केला, उभा केला, उलटा केला. म्हणाला, "ताई, ही अक्षरंच नाहीत. अक्षरांसारखं काही तरी आहे." मग मी पुस्तकं काढून बसले. तेव्हा कळलं की दोन-अडीचशे वर्षांपूर्वी युरोपात चीनचं मोठं वेड होतं. तिथले कारागीर चीन न पाहता चीन काढत. पंख्यांवर, कपाटांवर, भिंतींवर. छपरांवर छपरं, छत्रीवाले मिशीवाले, मोठाले पक्षी. माणसांच्या पायाशी सावल्याही काढत, ज्या चिनी चितारी सहसा काढत नाहीत. तुमच्या मिशीवाल्याच्या पायाशी सावली होती. पंखा युरोपातला होता.

मी अड्याळला आले ती धावतच. मला वाटलं, तुम्हाला केवढा आनंद होईल.

"म्हणजे नकली," तुम्ही म्हणालात.

"नकली नाही बाई. अस्सल जुना आहे. फक्त चिनी नाही. याला फ्रेंच लोक शिनवाझरी म्हणतात."

"काय? शिळी बाजरी?"

"शिनवाझरी. चीनसारखं, पण चीनचं नाही. ज्यानं काढलं त्यानं चीन पाहिलाच नव्हता."

तुम्ही चष्मा काढून पदराने पुसलात. तुमचा राग यायच्या आधी चष्मा स्वच्छ होत असे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. "मी तुमाले ताजमहाल काढायले शिकवला. दर वर्षी. शाळेच्या भिंतीवर अजून आहे तो. मी आग्र्याले कधी गेली? मंग तो काय नकली होय?"

मला उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, "पण तुम्ही आग्र्याला जाऊन आलात असं कधी सांगितलं नाही ना."

तुम्ही चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवलात. वहिनी चहा घेऊन आल्या आणि बोलणं धानाच्या परह्यावर गेलं, रोपं पिवळी पडून राहिली यावर. तो वाद तिथेच राहिला. मला अजून वाटतं की ताजमहालाचा तुमचा मुद्दा बरोबर होता आणि माझाही बरोबर होता. दोन्ही एकाच वेळी कसे बरोबर असतील, हे तुमच्याशी बोलूनच सुटलं असतं.

शेवटची भेट त्याहून वाईट. तुम्ही खाटेला टेकून बसल्या होत्या, हात वाळल्यासारखे झाले होते. ट्रंक मला उघडायला लावलीत, पंखा मांडीवर घेतलात, पण उघडला नाहीत. मी विचारायला नको होतं असं लोक म्हणतील. मला तसं वाटत नाही. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "बाई, तीनातली खरी गोष्ट कोणती?"

"तुले कोनती आवडली?"

"आवडायचा प्रश्न नाही."

तुम्ही पंखा मांडीवरून बाजूला ठेवलात. "तू पंख्याची चौकशी करून राहिली का माझी?"

मी म्हटलं, "पंख्याची." तुम्ही मान हलवलीत, पटल्याची नव्हे. म्हणालात, "जा, बस निघून जाईन तुझी. पाणी पिऊन जाजो." मी पंखा ट्रंकेत ठेवला, कडी लावली, पाणी प्यायले. नंतर आला तो तुम्ही गेल्याचा फोन.

म्हणून मोरेश्वरभाऊंनी विचारलं तेव्हा त्यांचा संशय मला कळत होता. शेवटची कडी मीच लावली होती. शिवाय मीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की ही जुनी, मोलाची वस्तू आहे. ज्यानं मोल सांगितलं, वस्तू गेल्यावर लोक आधी त्याच्याच पिशवीकडे पाहतात.

पुढच्या रविवारी मी अड्याळला गेले. तुमच्याशिवायचं ते घर, आणि ओसरीवर तो कूलर घों घों करत होता. भाऊ म्हणाले, "बसा जी." नेहमी म्हणतात "बस व". जी ऐकूनच मला कळलं, संशय गेलेला नाही.

मी म्हटलं, "भाऊ, सरळ बोलू. मी पंखा नेला नाही."

"मी कोठं म्हटलं नेला?"

"कूलर नवीन घेतला?"

"सासऱ्यानं देला. काहून?"

"सहज विचारलं."

 तेवढ्यात वहिनी आतून पाणी घेऊन आल्या. "कोनता पंखा? बाईचा? तो तं दानात देला."

भाऊ उठून उभे राहिले. "कोनत्या दानात?"

"तेरवीच्या. महाराजांनी सांगतलं नाही का, छत्री पाह्यजे, चप्पल पाह्यजे, लोटा पाह्यजे, पंखा पाह्यजे. बाई उन्हात गेल्या, वरच्या वाटेनं त्यांले ऊन लागन म्हणून. घरात हातपंखा कोनाकडे हाय आता? अड्याळच्या बाजारात पाह्यला तं पलास्टिकचा. बाईच्या नावानं पलास्टिकचा द्यायचा काय? ट्रंकेत इतका चांगला नक्षीचा पडला व्हता. तोच गाठोड्यात घातला."

"आन मले सांगतलं नाही!"

"तुमी तं इकडं तिकडं फोन लावून राहिले. मले कोनी इचारलंच नाही. आन दान तुमच्याच हातानं झालं ना? महाराज म्हणे गाठोड्याले हात लावा, तुमी लावला."

भाऊ खाली बसले. मला हसू येत होतं आणि वहिनींच्या पाया पडावंसं वाटत होतं. तुमच्यासाठी प्लास्टिकचा नको, इतकाच विचार त्यांनी केला होता. आम्ही दोघं त्या पंख्याचं काय काय करत बसलो होतो, त्यांनी तो पंखा म्हणून वापरला. तरी माझी खोड पाहा, बाई: मनात आलं, हेही नवऱ्याला वाचवायला रचलेलं नसेल ना? पंखा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय माझा विश्वास बसणार नव्हता.

तुमच्या घरी दानाचा मान भाच्याचा. म्हणजे गाठोडं कोंढ्याला गेलं होतं, तुमच्या बहिणीच्या मुलाकडे, दिलीपदादांकडे. भाऊ म्हणाले, "मी नाही जात. दान देऊन मांगायले गेलो तं गावात तोंड दाखवायची सोय नाही राहणार. आन बाईले तिकडं वारा बंद होईन ते वेगळंच. तुमी जा. तुमी काय मांगायले चालल्या? तुमी पाहायले चालल्या."

दिलीपदादांची पिठाची चक्की आहे. मी गेले तेव्हा ते भुवयांपर्यंत पांढरे होते. पंख्याचं नाव काढताच त्यांनी चक्की बंद केली आणि आवाज गेल्यावर आम्हा दोघांनाही अवघडल्यासारखं झालं. घरात नेलं, चहा दिला, हवापाण्याचं बोलले, पंख्याचं काही नाही. शेवटी मीच पुन्हा म्हटलं. ते आत गेले, कपाटाची किल्ली वाजली. कापडात गुंडाळलेला पंखा घेऊन आले, पाटावर ठेवला, आणि मी हात पुढे केला तशी म्हणाले, "हात नका लावू जी. जुना हाय."

मी हात मागे घेतला. पंखा तोच होता. बाहेरच्या जाड पट्टीवरची ती बारीक चीर, खिळ्याजवळचा डाग. वहिनी खरं बोलल्या होत्या. मला एकदम हलकं वाटलं, आणि तेवढ्यात दिलीपदादांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"ताई, एक इचारू? राग नका मानू. हा सरकारी तं नाही ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या म्युझियमचा. उद्या कोनी चौकशीले आलं तं मी गरीब माणूस. मी तं दानात घेतला."

"म्युझियमचा कसा असेल? बाईंचा आहे."

ते माझ्याकडे बारीक डोळे करून पाहू लागले. त्या नजरेची मला ओळख होती, गेला आठवडाभर मी ती आरशात पाहत होते. "मावशीनं तं मले दिवाळीले दाखवला व्हता. मी इचारलं, मावशे, हा कोठून आणला व? तं म्हणे, माझ्या पोरीनं देला. मी म्हटलं, तुले कोठची पोरगी? म्हणे, हाय ना, आसगावची. नागपूरले मोठ्या म्युझियममधी हाय. तिनं आणून देला मले." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुमीच ना त्या?"

बाई, ही चौथी गोष्ट तुम्ही मला सांगितली नव्हती.

 मला रागच आला आधी, हे लपवत नाही. तुम्हाला कळलं नव्हतं का, की संग्रहालयात काम करणाऱ्या बाईनं कोणाला जुनी वस्तू 'आणून देणं' म्हणजे काय? माझी नोकरी, माझं नाव, आईबाबांनी भिंतीवर लावलेला माझा पदवीचा फोटो, सगळं तुम्ही एका वाक्यात धोक्यात घातलंत. मी 'नाही' म्हटलं की मी सुटत होते. दोन अक्षरं. आणि मग हा माणूस चक्कीवर दळण घेऊन येणाऱ्या सगळ्या कोंढ्याला सांगणार होता की मावशी खोटं बोलत होती, तिला पोरगी-बिरगी कोणी नव्हती.

तुमचे वडील, तुमची आई, तुम्ही स्वतः, मग मी. पंखा दर वेळी कोणाच्या हातून तुमच्याकडे यायचा ते मी मनात एका ओळीत लावून पाहिलं. खरी गोष्ट कोणती ते मला त्यातूनही कळलं नाही. आता कळणारही नाही. बंगला, लुगडं, ओंजळ, भंगार, काहीही असू शकतं, आणि माझा संशय अजून गेलेला नाही. पण 'माझ्या पोरीनं' हे शब्द दिलीपदादांनी स्वतःच्या पदरचे घातले असतील असं मला वाटत नाही. चक्कीवाल्याला ते सुचण्यासारखे नाहीत.

"हो," मी म्हटलं. "मीच दिला."

दिलीपदादांचा चेहरा उतरला. "म्हणजे म्युझियमचा."

"म्युझियमचा नाही. आमच्या घरचा."

"घरचा?" ते हसायलाच लागले. "ताई, तुमी ढिवर ना? मासे धरणाऱ्याच्या घरी हत्तीच्या दाताचा पंखा? मले काय उल्लू समजता?"

आता माघार नव्हती. मी आयुष्यात वस्तूच्या मुळाबद्दल कधी खोटं बोलले नव्हते. आमच्या कामात ते सगळ्यात मोठं पाप. मी चहाचा शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि माझ्या तोंडून तुमच्याच आवाजात निघालं, "बाबांच्या जाळ्यात आला होता. वैनगंगेत. पुरात कोठून वाहून आला कोणास ठाऊक. लाकडी डबीत होता म्हणून भिजला नाही. बाबा म्हणाले, आपल्याला काय करायचा, तुझ्या बाईंना दे."

 दिलीपदादा वाकले, पाटावरच्या पंख्याजवळ नाक नेलं आणि जोरात हुंगलं.

"तरीच," ते समाधानाने म्हणाले, "मी म्हणो याले वास कायचा येते."

तो वास, बाई, तुमच्या ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा होता. मी म्हटलं, "हो, माशाचाच."